हिशेबनीसांचा हिशेब कोण घेणार?

१ ऑक्टोबर २०१८ या एकाच दिवशी दोन घटना घडल्या. कर्जफेड थकविलेल्या ‘आयएल अँड एफएस’ या मुंबईस्थित वित्तसमूहाचे संचालक मंडळ केंद्र सरकारने न्यायाधिकरणाच्या संमतीने हटविले आणि लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणारे राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण अस्तित्वात आले. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत सर्वोच्च पतमानांकन मिरविणाऱ्या या समूहाच्या रोख्यांत अनेक भविष्य निर्वाह निधींचा पैसा अडकला होता. तहान लागल्यावर विहीर खणण्याची भारतीय लेखानियमनाची जुनी रीत त्या दिवशी पुन्हा दिसून आली.

स्वातंत्र्यानंतर या नियमनाचा पाया विश्वासावर रचला गेला. घटना समितीने कायदेमंडळ या नात्याने १९४९ मध्ये सनदी लेखापालांचा कायदा संमत केला आणि १ जुलैपासून त्यांची संस्था कामाला लागली. सनद कोणाला द्यावी, गैरवर्तनाची चौकशी कशी करावी, हे व्यवसायानेच ठरवावे, असा त्यामागील विचार होता.

खासगी भांडवलाचा पसारा वाढला, तशी या विश्वासाला जाग्या डोळ्यांची जोड लागू लागली. तेव्हा ते डोळे संसदेचे होते. नवजात आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविल्याचे प्रकरण डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत धसास लावले ते फिरोज गांधी या सत्तारूढ पक्षाच्याच सदस्याने. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्या आयोगाने उघड सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. पुढे दालमिया-जैन समूहाविषयीच्या व्हिव्हियन बोस आयोगाच्या अहवालानंतर कंपनी कायदा अधिक कठोर झाला आणि १९६५ मध्ये परिव्यय लेखापरीक्षणाची तरतूद आली.

‘सत्यम’ प्रकरणाने मात्र वेगळेच चित्र समोर आणले. ताळेबंदातील पाच हजार कोटींहून अधिक रोकड मुळात अस्तित्वातच नाही, हे ७ जानेवारी २००९ रोजी देशाला कळले ते खुद्द संस्थापक रामलिंग राजू यांच्या पत्रातून. लेखापरीक्षक, नियामक आणि संसद, कोणाच्याही नजरेस ते आले नव्हते. त्यातूनच २०१३ च्या कंपनी कायद्यात लेखापरीक्षक ठराविक मुदतीने बदलण्याची सक्ती, अपहार आढळल्यास सरकारला कळविण्याचे बंधन आणि स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद आली. तथापि, सनदी लेखापालांच्या संस्थेचा विरोध असलेले हे प्राधिकरण पाच वर्षे कागदावरच राहिले. पंजाब नॅशनल बँकेतील घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आला, तेव्हा कुठे मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली.

२०२२ च्या दुरुस्ती कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. सनदी लेखापालांच्या शिस्तपालन समित्यांचे अध्यक्षपद व बहुमत व्यवसायाबाहेरील व्यक्तींकडे देण्याची तरतूद त्यात झाली. हा स्वायत्ततेवर घाला असल्याचा आक्षेप घेतला गेला, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. सार्वजनिक बँका व सरकारी कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्यांवर सरकारनेच नेमलेल्यांचा अंकुश असणे, यात हितसंबंधांचा पेच आहेच. परंतु आपल्याच सहव्यावसायिकाला दोषी ठरविताना हात आखडतो, हा अनुभवही नाकारता येत नाही.

हा वाद केवळ तज्ज्ञांचा नाही. सशस्त्र दले वगळता, १ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेत रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा निधी बाजारात गुंतविला जातो. कोणत्या कंपनीचा ताळेबंद खरा, यावर दिल्लीच्या सरकारी वसाहतींतील हजारो घरांचे उतारवय अवलंबून आहे.

या पेचातून वाट काढण्याचे एक साधन कायद्यातच आहे. प्राधिकरणाचे स्वतःचे हिशेब नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात आणि त्याचा वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा लागतो. म्हणजेच हिशेबनीसांवरील पहारेकऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार अखेर संसदेचाच आहे. मात्र पटलावर ठेवलेला अहवाल आपणहून बोलत नाही. त्यावर कोणीतरी उठून प्रश्न विचारावा लागतो. १९५७ मध्ये तो विचारला गेला, तेव्हा विचारणारा सत्तारूढ बाकांवर बसला होता.