फुप्फुस कर्करोग : शस्त्रक्रियोत्तर रासायनी चिकित्सेचे गंभीर परिणाम
फुप्फुसातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर शरीरात उरलेल्या, परंतु तपासणीत न दिसणाऱ्या कर्ककोशिका नष्ट करण्यासाठी जी औषधे देतात, त्यांस शस्त्रक्रियोत्तर पूरक रासायनी चिकित्सा म्हणतात. तीत बहुधा सिसप्लॅटीन हे प्लॅटिनमाचे संयुग व त्याच्या जोडीला व्हिनोरेलबीनसारखे (सदाफुलीतील अल्कलॉइडापासून तयार केलेले) औषध नीलेतून देतात. साधारणपणे तीन आठवड्यांच्या अंतराने चार आवर्तने होतात.

लाभ व हानी : पाच चाचण्यांतील ४,५८४ रुग्णांच्या माहितीच्या २००८ मधील एकत्रित विश्लेषणात, पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ह्या चिकित्सेमुळे शेकडा सुमारे ५ ने वाढल्याचे आढळले, औषधांमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे १ होते. लसीका ग्रंथींत रोग पसरलेल्यांना लाभ अधिक, तर अगदी लहान गाठ असलेल्यांना तो आढळत नाही. गाठ निघालेली असल्याने काही रुग्ण आधीच रोगमुक्त असतात. म्हणून येथे दुष्परिणामांचा विचार विशेष काटेकोरपणे करावा लागतो.

रक्तावरील परिणाम : ही औषधे विभाजन पावणाऱ्या सर्वच कोशिकांवर आघात करतात. अस्थिमज्जेचे कार्य मंदावून औषधानंतर ७ ते १४ दिवसांत श्वेत कोशिकांची संख्या सर्वांत कमी होते. त्यांतील न्यूट्रोफिल दर घ. मिमी. रक्तात ५०० पेक्षा कमी झाल्यास साधा संसर्गही काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी ताप हेच पुष्कळदा एकमेव लक्षण असते. पू किंवा सूज दिसेलच असे नाही.

इतर परिणाम : सिसप्लॅटीनमुळे वृक्कांना इजा, बहिरेपणा, कानांत आवाज येणे व हातापायांना बधिरता हे विकार उद्भवतात; त्यांपैकी काही कायमचे राहतात. उलट्यांमुळे शरीरातील पाणी घटले की वृक्कांची हानी वाढते. छातीच्या जखमेसाठी घेतलेली काही वेदनाशामकेही तीत भर घालतात. नीलेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात अडकू शकते. फुप्फुसाचा एक खंड आधीच काढलेला असल्याने अशा रुग्णाची श्वसनाची राखीव क्षमता कमी असते. त्यामुळे अचानक वाढलेली धाप शस्त्रक्रियेचाच परिणाम समजून चालत नाही.

दक्षता : औषध रुग्णालयात दिले जाते, परंतु धोक्याचे दिवस रुग्ण घरी असताना येतात. चिखली (जि. बुलढाणा) येथून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय शंभर किमी.हून, तर मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय (स्था. १९४१) चारशे किमी.हून अधिक दूर आहे. अशा गावातील रुग्णाजवळ तापमापक, औषधांची नावे व शेवटच्या मात्रेची तारीख लिहिलेला कागद असणे आवश्यक असते. ताप ३८° से. किंवा अधिक झाल्यास पॅरासिटॅमॉल घेऊन वाट पाहणे घातक ठरते, कारण ताप उतरला तरी संसर्ग वाढतच राहतो. जवळच्या रुग्णालयात त्वरित जाऊन रक्ततपासणी करावी. पहिले प्रतिजैविक शक्यतो तासाभरात नीलेतून मिळावे व त्यानंतरच दूरच्या प्रवासाचा विचार व्हावा. उन्हाळ्यात पाणी भरपूर पिणे इष्ट. उलट्यांमुळे ते पोटात ठरत नसल्यास सलाइन द्यावे लागते. प्रत्येक आवर्तनापूर्वी रक्त व वृक्ककार्य तपासून मात्रा कमी करणे, पुढे ढकलणे किंवा कार्बोप्लॅटीनसारखे औषध निवडणे शक्य असते. [⟶ कर्करोग].