इंग्रजी शब्द पक्के करणारे पाच कप्पे

फळ्यावर दहा नवे इंग्रजी शब्द लिहिले, मुलांनी वहीत उतरवले आणि आठवडाभरात बहुतेक विसरले! दोष मुलांचा नाही. उजळणी नसेल तर शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरायला होतं, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं.

सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये त्यावर सोपी पद्धत मांडली. वर्गात ती अशी वापरा:

🔹 जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या भागांची कार्डं कापा. एका बाजूला शब्द, दुसरीकडे चित्र किंवा अर्थ आणि छोटं वाक्य.
🔹 खोक्यात पाच कप्पे करा. सगळी कार्डं आधी पहिल्यात.
🔹 शब्द आला, कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकला, परत पहिल्यात.
🔹 पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, पुढचे आणखी उशिरा.

अवघड शब्द आपोआप वारंवार समोर येतात. जोडीजोडीने विचारलं, की लाजरी मुलंही बोलू लागतात.

एक पथ्य पाळा: आठवायचा प्रयत्न केल्याशिवाय कार्ड उलटू देऊ नका. त्या प्रयत्नातूनच शब्द पक्का होतो.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, उद्याच खोकं तयार करा आणि अनुभव नक्की कळवा!