नांदूर-मध्यमेश्वर : गाळाच्या भूमीवरील पक्षितीर्थ

कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या गावी ज्याचे आयुष्य गेले, त्याला पाण्याचा एकच स्वभाव ठाऊक असतो : आषाढ-श्रावणात पोशीर नदी दुथडी भरून वाहावी, ते पाणी उल्हासच्या वाटेने खाडीस मिळावे, आणि शिमगा उलटतो न उलटतो तोच पात्रातील खडक उघडे पडावेत. अशा कोकणवासीयाने मुरबाड-शहापूरच्या वाटेने कसारा घाट चढावा आणि पौषातील एखाद्या सकाळी निफाड तालुक्यातील नांदूर-मध्यमेश्वरचा जलाशय पाहावा; सह्याद्रीवरील पाऊस पूर्ववाहिनी झाला व वाटेत अडला, म्हणजे किती जीवांच्या कामी येतो, हे तेथे प्रत्यक्ष दिसते.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रज अमदानीत या जलाशयाचा बंधारा उभा राहिला. त्याचा मूळ हेतू केवळ शेतीचा : वरून आलेले पाणी येथे अडवावे आणि दोन्ही तीरांवरील कालव्यांनी तत्कालीन नगर जिल्ह्यातील कोपरगावाकडच्या अवर्षणग्रस्त मुलखास पोहोचवावे. परंतु दरसालच्या पुराबरोबर गाळही आला, साठवण घटत गेली. आणि सरकारी दप्तरात जी तूट म्हणून नोंदली जावी, त्याच गाळातून उथळ पाणी, बेटे, चिखलवट आणि पाणकणसांची दाटी निर्माण होऊन पक्ष्यांना आयता आश्रय लाभला.

हिवाळ्यात हिमालयापलीकडून चक्रवाक, तलवार बदके आणि थापटे येथे उतरतात. आसपासच्या शिवारात क्रौंच दाणे टिपतात. चापडगावच्या बाजूच्या मनोऱ्यावरून दुर्बीण लावावी, तर फावड्यासारखी पसरट चोच पाण्यात बुडवून थापट्या कसा पुढे सरकतो, आणि चोचीच्या कडांवरील दातऱ्यांतून पाणी गाळून सूक्ष्म जीव तेवढे कसे ठेवून घेतो, हे स्पष्ट दिसते. एवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी डोक्यावर घिरट्या घालू लागला, की पाण्यावर विखुरलेले वारकरी पक्षी क्षणार्धात एकवटतात. कारण एकटा पडलेलाच भक्ष्य होतो, हे त्यांना उपजतच ठाऊक असते.

डॉ. सालीम अली यांनी या स्थळास ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणून गौरविले; १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि पुढे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट होण्याचा महाराष्ट्रातील पहिला मानही यासच मिळाला.

मात्र मानसन्मानाने पक्षी जगत नाहीत. कालव्यांना पाण्याचे आवर्तन सुटले की जलाशयाची पातळी झपाट्याने उतरते, नाशिककडील सांडपाण्यावर जलपर्णी माजते, आणि चरण्याजोगा उथळ पाणपट्टा आक्रसतो. कालव्याखालच्या शेतकऱ्याचा या पाण्यावर हक्क आहे, तसाच शतकभराच्या वहिवाटीने पक्ष्यांचाही आहे. म्हणून पाटबंधारे आणि वन या दोन्ही खात्यांनी हिवाळ्यातील आवर्तनाचा बेत एकत्र बसून आखावा, आणि बदकांच्या पायांखाली चिखल ओला राहील एवढी पातळी तरी राखावी.