डॉट होम कुणालाच का मिळालं नाही?

इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी शेपटं वाटायला आयकॅन ही संस्था २०२६ मध्ये पुन्हा अर्ज घेणार, ही बातमी तुम्ही वाचली असेल. मागची फेरी २०१२ची. तेव्हा १,९३० अर्ज आले आणि डॉट शॉप, डॉट ऑनलाइन वगैरे मंडळी अवतरली. मला मात्र नाकारलेल्या तीन नावांचं कुतूहल आहे: डॉट होम, डॉट कॉर्प आणि डॉट मेल.

समजा, मेहकरच्या एखाद्या पतसंस्थेत संगणक बसवून देणाऱ्याने आतल्या सर्व्हरचं नाव ठेवलं 'खाते डॉट होम'. बाहेर असं काही नव्हतंच, त्यामुळे काम निर्धास्त चाललं. घरात 'बाळू' अशी हाक मारली की एकच जण ओ देतो, तसं. पण शेजारी दुसरा बाळू राहायला आला तर? 'बाळू, किल्ली घे' म्हटल्यावर तोही हात पुढे करेल.

कार्यालयातला लॅपटॉप बाहेर नेला की तो सवयीने तेच नाव शोधतो. प्रश्न थेट इंटरनेटच्या मूळ सर्व्हरांपर्यंत जातो आणि 'असं नाव नाही' हे उत्तर येतं. हा नकारच इतकी वर्षं संरक्षण होता. शेपूट विकलं गेलं की त्याच प्रश्नाला परक्याकडून उत्तर मिळू लागतं.

ही भीती पोकळ नाही, हे कळलं 'कॉर्प डॉट कॉम'मुळे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या विंडोजमध्ये कंपनीच्या अंतर्गत जाळ्यासाठी 'कॉर्प' हे नाव सुचवलेलं असे आणि असंख्य कंपन्यांनी ते तसंच ठेवलं. बाहेर नेलेले त्यांचे संगणक मग 'कॉर्प' शोधता शोधता कॉर्प डॉट कॉमवर येऊन धडकत. अमेरिकेतल्या माइक ओकॉनर यांनी १९९४ मध्येच कॉर्प डॉट कॉम घेऊन ठेवलं होतं. २०१९ मध्ये जेफ श्मिट या तज्ज्ञाने तिथे काय येऊन धडकतं ते तपासलं, तर पावणेचार लाखांहून जास्त संगणक आपली माहिती द्यायला तयार! ईमेल स्वीकारून पाहिल्या, तर तासाभरात एक कोटी वीस लाखांहून जास्त. घाबरून प्रयोग थांबवला. ओकॉनर यांनी हे नाव पंचवीसेक वर्षं गैरवापराविना सांभाळलं, याचं श्रेय त्यांना फारसं कुणी देत नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं.

नव्या शेपटांसाठी आयकॅनने २०१४ मध्ये झकास युक्ती काढली. शेपूट सुरू झालं की निदान ९० दिवस त्याखालच्या नावांना एकच उत्तर: १२७.०.५३.५३. '१२७'ने सुरू होणारा पत्ता म्हणजे स्वतःचाच संगणक, त्यामुळे माहिती बाहेर जातच नाही. आणि ५३ हा नावं शोधण्याच्या सेवेचा पोर्ट क्रमांक. तंत्रज्ञाने नोंदवहीत हा विचित्र आकडा पाहिला की त्याच्या लक्षात यावं, आपल्या नावाला कुणीतरी धडकतंय. इतका स्वस्त आणि बिनडोकेदुखीचा इशारा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

होम, कॉर्प आणि मेल ही नावं मात्र आतल्या जाळ्यांत इतकी रुळलेली होती की हा इशाराही अपुरा ठरला असता. प्रत्येक अर्जामागे १,८५,००० डॉलर भरले गेले होते, तरी फेब्रुवारी २०१८ मध्ये आयकॅनने ही नावं देण्यास नकार दिला आणि अर्ज मागे घेणाऱ्यांना पूर्ण शुल्क परत देऊ केलं. पैशापुढे सावधपणा जिंकल्याचं उदाहरण या धंद्यात विरळाच.

२०२४ मध्ये 'डॉट इंटरनल' हे शेपूट खासगी जाळ्यांसाठी कायमचं राखून ठेवलं गेलं. ते कुणालाही विकलं जाणार नाही. तुमच्या कार्यालयातल्या सर्व्हरचं नाव काय आहे, हे संगणक बसवून देणाऱ्याला आजच विचारा. मनाला येईल ते शेपूट लावलेलं असेल, तर नव्या फेरीतली नावं सुरू होण्याआधी बदलून घ्या.