तापदीप्त गुडदी

तापदीप्त गुडदी : थंड डीझेल एंजिन चालू होण्यास साहाय्य करणारा, ज्वलन कोठीत टोक शिरेल अशा रीतीने बसविलेला विद्युत् तापक. गॅरेजांत हिला ‘हीटर’ किंवा ‘ग्लो प्लग’ म्हणतात. पेट्रोल एंजिनातील ठिणगी गुडदीशी हिचे बाह्य साम्य असले, तरी कार्य भिन्न आहे. ठिणगी गुडदी प्रत्येक ज्वलनचक्रात ठिणगी पाडते. तापदीप्त गुडदी प्रारंभी व त्यानंतर अल्पकाळच तापविली जाते.

तत्त्व : डीझेल एंजिनात दट्ट्याने दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. एंजिन थंड असताना ही उष्णता सिलिंडराच्या भिंतींत निघून जाते व हवा पुरेशी तापत नाही. पूर्वज्वलन कोठी असलेल्या एंजिनांत भिंतींचे क्षेत्रफळ तुलनेने अधिक असल्याने ही हानी मोठी असते. म्हणून २०° से.पेक्षा अधिक तापमानातही त्यांना गुडदीची गरज भासते. सरळ अंतःक्षेपणाची एंजिने मात्र पाणी गोठण्याच्या तापमानाच्या आसपासही बहुधा गुडदीविना चालू होतात.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील वाहनांत हे दोन्ही प्रकार आढळतात. टाटा इंडिका (१९९८) हिचे १.४ लिटरचे डीझेल एंजिन आणि बजाज टेंपो (नंतरची फोर्स मोटर्स) कंपनीने मर्सेडीझ-बेंझच्या परवान्याने बनविलेले ओएम ६१६ हे एंजिन अप्रत्यक्ष अंतःक्षेपणाची आहेत. शहरालगतच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये जोडणी सुरू झालेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया मोटारीचे १.९ लिटर डीझेल एंजिन सरळ अंतःक्षेपणाचे होते. येथील हिवाळ्यात पहाटेचे तापमान सामान्यतः १०°–१४° से. इतके उतरते. त्यामुळे पहिल्या प्रकारातील नादुरुस्त गुडदी डिसेंबरात लगेच जाणवते, तर दुसऱ्या प्रकारातील अनेक महिने लक्षातही येत नाही. प्रारंभी पांढरा धूर, एखादा सिलिंडर न पेटल्याने होणारी थरथर व संचायक घटमालेवर पडणारा वाढीव ताण, ही तिची लक्षणे होत.

रचना : जुन्या गुडदीत उघड्या तारेचे वेटोळे असे. अशा गुडद्या एकसरीत जोडलेल्या असल्यामुळे एक तुटली की सर्व निकामी होत. आधुनिक गुडदीत वेटोळे धातूच्या बंद नळीत असते व त्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडाची भुकटी दाबून भरलेली असते. गुडद्या अनेकसरीत जोडलेल्या असतात व त्यांचे टोक काही सेकंदांत सु. ८५०°–१,०००° से. पर्यंत तापते. मृत्तिका प्रकारच्या गुडद्या याहून अधिक तापतात.

परीक्षा : प्रथम सर्व गुडद्यांना जोडणारी पट्टी किंवा टोपणे काढावी लागतात, अन्यथा अनेकसरीतील चांगल्या गुडद्यांमुळे मापन फसवे येते. १२ व्होल्टच्या चांगल्या गुडदीचा थंड अवस्थेतील रोध सामान्यतः एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. रोध अनंत आल्यास वेटोळे तुटले आहे असे समजावे. सर्वच गुडद्या चांगल्या निघाल्यास वितळतार व अभिचालित्र तपासावे. नव्या प्रकारच्या काही गुडद्या ४ ते ७ व्होल्टवर चालतात. त्या घटमालेला थेट जोडून पाहिल्यास काही क्षणांतच जळतात.

बदलण्याची कृती : हे काम घरी करता येते, परंतु त्यातील मुख्य धोका गुडदी शीर्षात तुटण्याचा आहे. तुटल्यास शीर्ष उतरवावे लागू शकते आणि काही रुपयांची बचत मोठ्या खर्चात बदलते. म्हणून आदल्या दिवशी आट्यांवर भेदक तेल सोडावे. एंजिन चालवून पूर्ण गरम करावे, नंतर ते बंद करून घटमालेचे ऋण टोक सोडावे. गुडदीभोवतीची धूळ हवेच्या झोताने उडवावी, कारण ती सिलिंडरात पडू शकते. खोल नळीपान्याने बल हळूहळू लावावे. गुडदी सोडविताना १० मिमी. आट्यांसाठी सु. ३५ व १२ मिमी. आट्यांसाठी सु. ४५ न्यूटन-मीटर ही परिपीडनाची मर्यादा मानतात. तेवढ्याने न सुटल्यास जोर न वाढविता तेल व उष्णता यांचा प्रयोग पुन्हा करावा.

गुडदी निघाल्यावर छिद्रातील काजळी योग्य छिद्रशोधकाने काढावी. अन्यथा नव्या गुडदीचे टोक अडकते. नवी गुडदी प्रथम हाताने फिरवून बसवावी. शेवटचे आवळणे परिपीडनमापक पान्याने करावे : १० मिमी. साठी सु. १५ व १२ मिमी. साठी सु. २२ न्यूटन-मीटर. निर्मात्याने दिलेले मूल्य वेगळे असल्यास तेच प्रमाण मानावे.

काढलेल्या गुडदीचे निरीक्षण : वितळलेले किंवा झिजलेले टोक बहुधा ठिबकणारा अंतःक्षेपक अथवा वेळेआधी होणारे अंतःक्षेपण दर्शविते. फुगलेली नळी अधिक विद्युत् दाबाचे किंवा चिकटून बसलेल्या अभिचालित्राचे लक्षण असते. मूळ दोष न काढता बसविलेली नवी गुडदीही लवकरच जळते. टोक तुटून गेलेले आढळल्यास ते सिलिंडरात पडले नाही याची खात्री होईपर्यंत एंजिन चालू करू नये.

एंजिन चालू होत नाही म्हणून हवेच्या मार्गात ईथर फवारण्याची पद्धत तापदीप्त गुडदी असलेल्या एंजिनात घातक ठरते. ईथर सु. १६०°–१८०° से. तापमानासच पेटते. तापलेल्या टोकाशी त्याचा अकाली स्फोट होऊन दट्ट्या किंवा संयोगदांडा मोडू शकतो व जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीस इजा होऊ शकते. [⟶ डीझेल एंजिन].