तळे आटले तरी स्पंज संपत नाही

वऱ्हाडातल्या गुरुकुंज मोझरीहून सर्वांत जवळचा समुद्रसुद्धा पाचशे किलोमीटरहून लांब. स्पंज म्हटले की मात्र समुद्रच आठवतो, आणि ते रास्तही आहे: ज्ञात नऊ हजारांहून अधिक जातींपैकी बहुतेक खाऱ्या पाण्यातल्याच. गोड्या पाण्यात राहणाऱ्या जाती जेमतेम दोन-अडीचशे. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळले, त्यातला मोठा वाटा मुंबईच्या तलावांचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८४० च्या दशकात तिथले स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १८६३ मध्ये एका जातीला त्यांचेच नाव मिळाले. आज ती ‘युनेपियस कार्टेरी’ म्हणून ओळखली जाते.

बुडालेल्या काटकीवर किंवा दगडावर राखाडी, कधी हिरवट थर दिसला, तर त्याला शेवाळ म्हणून सोडून देऊ नका. हिरवा रंग आत राहणाऱ्या शैवालाचा असतो. थर मात्र प्राण्याचा असू शकतो. या प्राण्याला तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतूही नाहीत. आतल्या पेशी आपले चाबकासारखे तंतू सतत हलवतात, त्यामुळे बारीक छिद्रांतून पाणी आत ओढले जाते. त्यातले जिवाणू गाळून घेतले की पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. सारा डोलारा उभा असतो सिलिकाच्या सूक्ष्म सुयांवर. म्हणून वाळलेला स्पंज हाताने चुरू नये आणि तो हात डोळ्याला तर मुळीच लावू नये.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो याचा उन्हाळा. समुद्र आटत नाही. वऱ्हाडातली तळी आटतात. पाणी ओसरण्याआधी स्पंज आपल्या अंगात मोहरीहूनही लहान गोळ्या तयार करतो. त्यांना ‘जेम्यूल’ म्हणतात. आत अन्नसाठा भरलेल्या पेशी, बाहेर चिवट कवच. मूळ स्पंज वाळून मरतो, पण जेम्यूल भेगाळलेल्या चिखलात तग धरतात. पाणी परतले की कवचातल्या छिद्रातून पेशी बाहेर येतात आणि नवा स्पंज बांधतात. कार्टर यांच्या स्पंजाचे जेम्यूल पाण्यावर तरंगतात, त्यामुळे पुराबरोबर ते दूरवर पोहोचू शकतात.

जात ओळखायची तर हेच जेम्यूल लागतात. रंग आणि आकार पाण्यागणिक बदलतात. कवचावरच्या सुयांची घडण मात्र त्या जातीची खूण असते. म्हणून नमुना घ्यायचा तो पाणी उतरू लागल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीस, गोळ्या धरल्यावरच.