चार ठोके आणि एक पवित्रा

बीजिंगच्या संगीतनाट्याला, म्हणजे जिंगजूला, साथ करणाऱ्या वादकांकडे 'सजीथोउ' नावाचा एक छोटासा तोडा असतो. काशाच्या मोठ्या थाळीवर चार ठोके, एवढाच. त्यावर नट पुढे येतो, वळतो, पाय उचलून ठेवतो, हात मोकळा करतो आणि शेवटच्या ठोक्याला मान झटक्यात फिरवून स्थिर होतो. या थांबण्याला 'ल्यांगश्यांग' म्हणतात. त्या क्षणी रंगमंचावर काहीही हलत नाही. मुकुटाला फेझंट पक्ष्याची लांब पिसे असली तर तेवढी थरथरत राहतात. जाणकार प्रेक्षक इथेच 'हाओ!' असे ओरडून दाद देतो. नट अजून एक शब्दही बोललेला नसतो. तरी तो सेनापती आहे, तरुण आहे, तापट आहे आणि आज त्याचे मन थाऱ्यावर नाही, हे सगळे प्रेक्षकापर्यंत पोचलेले असते.

व्हिडिओ गेमसाठी पात्र घडवणाऱ्या माणसाला नेमके हेच साधायचे असते. मोबाइलच्या वितभर पडद्यावर, डझनभर पात्रांच्या गर्दीत, आकृतीच्या नुसत्या कडांवरून पात्र ओळखू आले पाहिजे आणि त्याचा स्वभाव पहिल्या हालचालीतच कळला पाहिजे. गेल्या दशकात चिनी गेम कंपन्या आपल्या नाट्यपरंपरेकडे वळल्या त्यामागे हे एक सबळ कारण आहे. पण त्यांच्यापैकी पुष्कळांनी सुरुवात पोशाखापासून केली. खांद्यावर जरीची झूल आणि डोक्यावर मण्यांचा मुकुट चढवला की पात्र 'ऑपेरातले' झाले, अशी त्यांची समजूत दिसते. मला ती चुकीची वाटते. या रंगभूमीचा पोशाख तालासाठी आणि हालचालीसाठी घडलेला आहे. ताल आणि हालचाल बाजूला ठेवली, तर उरते ती दुकानाच्या काचेमागची बाहुली.

या परंपरेचा पसारा मोठा आहे. २०१७ साली पूर्ण झालेल्या देशव्यापी पाहणीत चीनमध्ये ३४८ नाट्यप्रकार मोजले गेले. खुनछू हा त्यांतला सर्वांत जुन्या जिवंत प्रकारांपैकी एक. युनेस्कोने २००१ मध्ये त्याचा गौरव केला. जिंगजू त्या मानाने तरुण. १७९० साली छ्यानलुंग सम्राटाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आनह्वेई प्रांतातल्या नाटक मंडळ्या बीजिंगला येऊ लागल्या. पुढच्या काही दशकांत त्यांच्या गायकीत हूबेई प्रांताची गायकी मिसळली आणि त्यातून हा प्रकार आकाराला आला. युनेस्कोच्या यादीत तो २०१० मध्ये गेला. त्यात पात्रांचे चार मुख्य वर्ग आहेत: शंग म्हणजे पुरुष, दान म्हणजे स्त्री, जिंग म्हणजे रंगवलेल्या चेहऱ्याचा दमदार पुरुष, आणि छौ म्हणजे नाकाभोवती पांढरा ठिपका लावलेला विदूषक. प्रत्येकाची चाल वेगळी, आवाज लावण्याची जागा वेगळी, बोटांची ठेवण वेगळी. नट लहानपणी यांतला एक वर्ग घेतो आणि बहुधा आयुष्यभर त्याच वर्गात काम करतो.

रंगमंच जवळजवळ रिकामा असतो. एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यांचाच राजदरबार होतो आणि त्यांचाच डोंगर. हातात गोंड्यांचा चाबूक आला की नट घोड्यावर बसलेला आहे. 'छ्यूजियांग' या प्रवेशात म्हाताऱ्या नावाड्याच्या हातात फक्त वल्हे असते. तो आणि तरुण प्रवासिनी आळीपाळीने गुडघ्यांत वाकतात आणि डोळ्यांपुढे नाव हेलकावे खाऊ लागते. 'सानछाखोउ' त्याहून अचाट आहे. सराईतल्या गडद अंधारात दोन माणसे एकमेकांना चाचपडत लढतात आणि हे सगळे लख्ख उजेडात चालते. तलवारीचे पाते नाकाला चाटून जाते, पण दोघांनाही काही दिसलेले नाही. अंधार फक्त नटांच्या शरीरात असतो.

हा प्रवेश प्रत्येक गेम डिझायनरने अभ्यासावा असे मला मनापासून वाटते. गेमचे जगही अशाच करारावर उभे असते. बटण दाबले की उडी, चमक दिसली की इजा. करार एकदा पक्का झाला की खेळणारा त्यात बुडून जातो.

चित्रातल्या पात्रासाठी रंगभूमीकडून उसने घेण्याची कल्पना गेम कंपन्यांची नव्हे. शांघायच्या ॲनिमेटरांनी ती फार आधी राबवली होती. तअ वेई यांच्या १९५६ सालच्या 'गर्विष्ठ सेनापती' या चित्रपटातल्या नायकाचा चेहरा आणि ऐट थेट जिंग पात्राची आहे. पुढे वान लायमिंग यांनी 'स्वर्गातला धुमाकूळ' हा चित्रपट केला. त्याचा पहिला भाग १९६१चा, दुसरा १९६४चा. त्यातला वानरराज सुन वुखोंग चांग ग्वांगयू यांनी आखला. त्याच्या चेहऱ्यावर रंगभूमीच्या वानराची छाया आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या लढाया जिंगजूच्या तालवाद्यांवर बेतलेल्या आहेत. ठोका पडतो, वानर थबकतो, डोळे मिचकावतो, पुन्हा सुटतो. साठ वर्षांनंतरही ती हालचाल ताजी वाटते.

आता युन जिन या गेममधल्या पात्राकडे येऊ. शांघायच्या मिहोयो कंपनीचा 'गेनशिन इम्पॅक्ट' हा गेम सप्टेंबर २०२० मध्ये आला आणि जगभर पसरला. त्यात चीनवर बेतलेला लियुए नावाचा प्रदेश आहे. ५ जानेवारी २०२२ रोजी त्यात युन जिन हे नवे पात्र दाखल झाले. ती एका नाटक मंडळीची प्रमुख आहे, चहाघरात प्रयोग करते आणि भाला चालवते. डोक्यावर गोंडे आणि लोकरी फुलांचा भरगच्च मुकुट, खांद्यावर ढगाच्या आकाराची झूल. पण खाली आखूड घेराचा झगा आणि जपानी ॲनिमेच्या वळणाचा मोठ्या डोळ्यांचा चेहरा. परंपरेच्या अभिमान्यांना हा झगा खटकू शकतो. मला खटकत नाही, आणि त्याचे कारण जिंगजूच्याच इतिहासात आहे. मेई लानफांग (१८९४–१९६१) हा आपल्या बालगंधर्वांचा समकालीन आणि त्यांच्यासारखाच स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेला नट. १९२२ साली त्याने यांग श्याओलौ यांच्यासह 'सम्राटाचा उपपत्नीला निरोप' रंगमंचावर आणले. त्यातल्या यू जी या उपपत्नीसाठी त्याने खवल्याखवल्यांचे चिलखत आणि नवा मुकुट घडवला, आणि तलवारीचे नृत्य बसवले. आज तीच वेशभूषा 'पारंपरिक' म्हणून ओळखली जाते.

मुकुट आणि झूल कोणीही काढली असती. युन जिनची खरी करामत तिच्या लढण्यात आहे. स्त्री योद्ध्यांच्या भूमिकांत 'दाछूशोउ' नावाचा प्रकार असतो: चारही बाजूंनी फेकलेले भाले नटी हाताने, पायाने, स्वतःच्या भाल्याच्या टोकाने परतवते. युन जिनच्या हातातला भाला याच कुळातला आहे. तो शत्रूला भोसकण्याआधी तिच्या अंगाभोवती फिरतो. तिचे एक कौशल्य असे आहे की बटण दाबून धरले तर ती पवित्रा घेऊन थांबते आणि शक्ती साठवते. नेमका वार अंगावर येण्याच्या क्षणी बटण दाबले, तर साठा तत्क्षणी पूर्ण होतो आणि ती उसळते. खेळणाऱ्याला इथे ठोक्याची वाट पाहावी लागते. ल्यांगश्यांगचा ताण त्याच्या अंगठ्यात उतरतो. पात्राची कल्पना चित्रात नव्हे तर खेळण्याच्या नियमात रुजवणे म्हणजे काय, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण सुचत नाही.

तिची दुसरी शक्ती झेंड्यांची आहे. जिंगजूत चिलखत घातलेल्या सेनापतीच्या पाठीवर चार त्रिकोणी निशाणे बांधलेली असतात. नट गिरकी घेतो तेव्हा ती पसरतात आणि एकटा माणूस रंगमंचभर होतो. रणांगणावर हुकूम देण्याच्या निशाणांपासून ती आली असे सांगतात. युन जिन आपली झेंड्यांची मांडणी उभी करते तेव्हा त्याचा लाभ तिच्या सगळ्या साथीदारांना होतो. बारा सेकंद त्यांचे साधे वार जोरकस होतात, आणि तो जोर तिच्या बचावाच्या ताकदीवर अवलंबून असतो. सेनापती स्वतः कमी लढतो आणि निशाण फिरवून सैन्य चालवतो. रचनाकारांच्या मनात नेमके हेच असेल किंवा नसेल, पण खेळताना ते तसेच उमटते.

आणि मग तिचे गाणे. कथेच्या ओघात युन जिन आपल्या वडिलांनी लिहिलेले एक नाटक सादर करते. एका मुलीला राक्षसाच्या हवाली केले जाते आणि ती त्याच्याशी झुंजते, अशी ती गोष्ट. जिच्यावर हे नाटक बेतले ती शेनहे तिला प्रत्यक्ष भेटते, तिचे खरे मन कळते, आणि युन जिन नाटकाचा शेवट बदलून गाते. गाण्यासाठी कंपनीने शांघायच्या जिंगजू संस्थेतल्या दान नटी यांग यांग यांचा आवाज घेतला. बोलण्याचा आवाज दुसऱ्या अभिनेत्रीचा, गाण्याचा त्यांचा. गेममधली पात्रे चिनी, इंग्रजी, जपानी आणि कोरियन अशा चार भाषांत बोलतात. हे गाणे मात्र चारही ठिकाणी चिनीतच ठेवले. ब्राझीलमधला किंवा पोलंडमधला मुलगा संवाद इंग्रजीत ऐकत बसलेला असतो, आणि अचानक दान गायकीतला तो उंच, ताणलेला, धारदार स्वर त्याच्या कानावर पडतो.

हा निर्णय धाडसाचा होता. कोणताही व्यापारी सल्लागार म्हणाला असता की एवढा अनोळखी आवाज परदेशी कानांना सोसणार नाही. पण मेई लानफांग १९३० मध्ये अमेरिकेत आणि १९३५ मध्ये सोव्हिएत संघात गेला तेव्हा प्रेक्षकांना तरी चिनी कुठे येत होते? मॉस्कोत त्याला पाहून नाटककार ब्रेश्त इतका हलला की चिनी अभिनयावर त्याने निबंध लिहिला, आणि चित्रपट दिग्दर्शक आयझेनस्टाइनने मेईचे काम कॅमेऱ्यात टिपले. युन जिनच्या गाण्याचेही तसेच झाले. ज्यांनी आयुष्यात जिंगजू पाहिले नव्हते ते त्याची गायकी समजून घेऊ लागले. चीनमध्ये निरनिराळ्या प्रांतांच्या नाट्यप्रकारांतल्या तरुण कलावंतांनी हेच गाणे आपापल्या ढंगात गाऊन दाखवले.

इतर प्रयोगांबद्दल थोडक्यात. टेन्सेंटच्या 'ऑनर ऑफ किंग्ज'मध्ये पात्रांना नवे पोशाख विकत घेता येतात. त्यात यू जीला तिच्या त्या निरोपाच्या नाटकाचा वेश मिळाला, झन जीला खुनछूचा. शांगग्वान वानअरला २०१९ मध्ये ल्यांग शानबो आणि झू यिंगथाय यांच्या प्रेमकथेचा वेश मिळाला. त्यासाठी युएजू या प्रकारातल्या ख्यातनाम कलावंत माओ वेईथाओ यांचे मार्गदर्शन घेतले होते. काम नजाकतीचे आहे. पण पोशाख बदलला तरी पात्राची शक्ती तीच राहते, त्यामुळे रंगभूमी कापडापाशी अडते. याउलट ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या 'ब्लॅक मिथ: वुखोंग'मध्ये शिर नसलेला एक वादक उत्तर शान्शी प्रांताच्या कथागायनाच्या ढंगात गातो. हा ऑपेरा नव्हे, पण आवाज खऱ्या लोकगायकाचा, श्योंग चूयिंग यांचा आहे, आणि त्या उजाड माळावर तो ऐकताना अंगावर काटा येतो.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम काढला. पहाडी लघुचित्रांच्या वळणाची रंगसंगती आणि कथेच्या प्रवेशांसाठी बालीच्या छायाबाहुल्या, अशी त्याची घडण होती. छोट्या चमूचे ते मोलाचे काम आहे. तिथेही रंगभूमी गोष्ट सांगायला येते आणि लढाई सुरू झाली की बाजूला होते. दशावतारातल्या संकासुराची चाल किंवा मृदंगाच्या बोलावर रंगणारे तिथले युद्ध एखाद्या मराठी चमूने खेळण्याच्या नियमात उतरवलेले मला पाहायचे आहे.

युन जिनमध्ये एक उणीव मात्र जाणवते. दान पात्राच्या रंगभूषेत कपाळ घट्ट बांधून भुवया आणि डोळ्यांचे कोपरे वर ओढतात, ओल्या केसांच्या पट्ट्या गालांवर चिकटवून चेहऱ्याचा आकारच बदलतात, पांढऱ्यावर गुलाबी छटा भरतात. नटीचा स्वतःचा चेहरा त्यात नाहीसा होतो. युन जिनचा चेहरा गेममधल्या इतर तरुण मुलींसारखाच गोंडस राहिला. ज्या चेहऱ्याचे चित्र विकले जाते त्याला झाकायला कंपनी धजत नाही, हे उघड आहे.

म्हणूनच जिंग वर्गातले पात्र अजून कुणी तिच्या तोडीने घडवलेले मला दिसले नाही. विचार करा, त्यात काय काय आहे. जाड तळव्यांचे बूट, अंगाचा आकार वाढवणारे आतले जाड जाकीट, कपाळावरून माथ्यापर्यंत चढलेला रंग. सेनानी छाओ छाओचा पांढरा कपटी चेहरा, न्यायाधीश बाओ झंगच्या काळ्या कपाळावरची चंद्रकोर. ॲनिमेटर ओठांच्या हालचालींवर महिनेच्या महिने घालवतात. इथे तोंड पुरते झाकणारी लांब दाढी आहे, ओठ दिसतच नाहीत. नट बोलतो ते दाढी उडवून, तळहातावर तोलून, दोन बोटांनी तिची एक बट बाजूला सारून. चेहऱ्याच्या रंगाखाली स्नायू हलले तर रेषा हलतात आणि कपाळावरची नक्षी रागावते. त्या दाढीच्या केसांना वजन कसे द्यायचे, कोणत्या ठोक्यावर ती हातातून सोडायची आणि खेळणाऱ्याच्या बोटाला त्यातली कोणती हालचाल द्यायची, यापासून त्या कामाला सुरुवात करता येईल. शेजारी जिंगजूचा ढोलकिया बसवावा लागेल, आणि पहिला ठोका त्याला देऊ द्यावा लागेल.